हेन्री दार्सी : वाळूच्या नळकांड्यातून निघालेला नियम

खडक किती पाझरतो, हे मोजण्याच्या एककाला दार्सी असे नाव आहे. तेलविहिरीवर काम करणारा अभियंता दिवसातून अनेकदा हा शब्द उच्चारतो. भूजल सर्वेक्षणाच्या कार्यालयातही तो परका नाही. कारखान्यांच्या धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू पकडून जमिनीच्या पोटात कायमचा गाडून टाकावा, किंवा जुन्या तेलक्षेत्रात सोडून खडकाला चिकटून राहिलेले तेल त्याच्या साहाय्याने बाहेर काढावे, या योजनांची आज जगभर चर्चा आहे. त्यासाठी संगणकावर भूगर्भाच्या ज्या प्रतिकृती उभारल्या जातात, त्यांच्या मुळाशी एकच साधे समीकरण असते. ते शोधून काढणाऱ्या हेन्री दार्सी यांना तेलाशी किंवा वायूशी काहीही कर्तव्य नव्हते. आपल्या गावच्या लोकांना स्वच्छ पाणी मिळावे, एवढाच त्यांचा ध्यास होता.

दार्सी यांचा जन्म १० जून १८०३ रोजी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील दिजाँ या शहरात झाला. वडील करखात्यात नोकरीला होते. हेन्री चौदा वर्षांचे असताना, १८१७ साली, त्यांचे निधन झाले आणि दोन मुलांचा भार आईवर पडला. घरची स्थिती ओढगस्तीची झाली. तरीही मुलांच्या शिक्षणात खंड पडू द्यायचा नाही, असा त्या माउलीचा निर्धार होता. १८२१ साली हेन्री पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निक या विख्यात संस्थेत दाखल झाले आणि दोन वर्षांनी पूल व रस्ते यांच्या अभियांत्रिकीचे शिक्षण देणाऱ्या सरकारी विद्यालयात गेले. त्या काळी फ्रान्समध्ये या शिक्षणाचा शेवट सरकारी सेवेतच होत असे. पूल, रस्ते, कालवे, बंदरे ही सारी कामे या एका अभियंतावर्गाच्या हाती होती. देशात कोठेही नेमणूक होऊ शकली असती; परंतु दार्सी आपल्याच जिल्ह्यात परतले. १८२८ साली त्यांचा विवाह झाला. पत्नी हेन्रिएट कॅरी या इंग्लिश खाडीतील गर्नसी बेटाच्या.

तेव्हाचे दिजाँ पाण्याच्या बाबतीत दुर्दैवी होते. शहरातून वाहणारा सुझों हा ओढा उघड्या गटारासारखा झालेला, विहिरी उथळ आणि त्यांत घाण झिरपलेली. चांगले पाणी आणण्याच्या योजना कित्येक दशके कागदावर होत्या. एका योजनेत शहराजवळच खोल विहीर खणून पाहिली गेली, पण तिचे पाणी पुरेसे ठरले नाही. दार्सी यांनी नजर शहराबाहेर वळवली. डोंगरातल्या रोझ्वार या झऱ्याचे पाणी बारमाही होते, चवीला गोड होते आणि मुख्य म्हणजे तो झरा शहरापेक्षा उंचावर होता. तेथून सुमारे १२.७ किलोमीटर लांबीचा बंदिस्त दगडी पाट बांधून केवळ उताराच्या बळावर पाणी दिजाँच्या वेशीपर्यंत आणायचे, तेथे झाकलेल्या हौदात साठवायचे आणि जमिनीखालच्या नळांतून दाबाने गल्लोगल्ली पोहोचवायचे, अशी ही योजना होती. तीत कोठेही पंप नव्हता.

सप्टेंबर १८४० मध्ये पाणी शहरात आले. पुढच्या काही वर्षांत नळांचे जाळे पसरले. रस्त्यांवर सुमारे शंभर शंभर मीटरवर सार्वजनिक नळ उभे राहिले. गरिबाने घागर घेऊन यावे आणि पैसा न देता भरून न्यावी, ही या व्यवस्थेतील मूळ कल्पना होती. घरात नळ हवा असणाऱ्यांनी त्याचे पैसे द्यावेत. रस्त्यावरचे पाणी मात्र सर्वांचे. आजच्या नगरपालिकांच्या भाषेत बोलायचे तर हा निर्णय तांत्रिक नव्हता, राजकीय होता, आणि तो एका अभियंत्याने घेतलेला होता. कामाचा मोबदला म्हणून मिळू शकणारी मोठी रक्कम दार्सी यांनी नाकारली. नगरपालिकेने सुवर्णपदक दिले, ते त्यांनी घेतले. पुढे त्यांना हयातभर विनामूल्य पाणी देण्याचेही ठरले.

पणजीतील फोंतेन्हास हा भाग ज्या झऱ्यावरून ओळखला जातो, त्याचा वापर माहीत असलेल्या गोमंतकीय वाचकाला दिजाँची ही गोष्ट परकी वाटू नये. झरा राखणे आणि त्याचे पाणी गावात खेळवणे ही विद्या आपल्याकडेही होती. दार्सी यांचे वेगळेपण असे की, त्यांनी प्रत्येक गोष्ट मोजली आणि मोजलेले लिहून ठेवले. नळातून पाणी जाताना दाब किती घटतो, हे सांगणारी तेव्हाची सूत्रे नळाच्या आतल्या पृष्ठभागाकडे दुर्लक्ष करीत. नवा गुळगुळीत नळ आणि गंज धरलेला जुना नळ यांना एकच हिशेब लावला जाई. दार्सी यांना हे पटत नव्हते. नळाचा खडबडीतपणा पाण्याला अडवतो, हे पुढे त्यांनी असंख्य प्रयोगांनी दाखवून दिले. आजही अभियांत्रिकीचे विद्यार्थी नळातील घर्षणाचे जे सूत्र शिकतात, त्यात जर्मन शास्त्रज्ञ वाइसबाख यांच्यासोबत दार्सी यांचे नाव असते.

पाण्याची योजना ही त्यांच्या कामाची एक बाजू झाली. पॅरिसहून लियोंकडे जाणारा लोहमार्ग दिजाँवरून जावा, यासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली. त्या मार्गावर ब्लेझी येथे डोंगर आडवा येत होता. तेथे सुमारे चार किलोमीटर लांबीचा बोगदा त्यांनी आखला. तोवर दिजाँच्या सार्वजनिक जीवनातही त्यांचे वजन वाढले होते, आणि तेच त्यांना भोवले. १८४८ च्या क्रांतीनंतर नव्या सत्ताधाऱ्यांना जुन्या राजवटीतील हा वजनदार अधिकारी आपल्या शहरात नकोसा झाला. त्यांची दिजाँमधून उचलबांगडी झाली. ज्या शहराला त्यांनी पाणी दिले, त्याच शहरातून जाण्याची पाळी त्यांच्यावर आली. मध्य फ्रान्समधील बेरी कालव्याच्या प्रदेशात काही काळ काम केल्यावर त्यांना पॅरिसला बोलावण्यात आले, तेथील पाणीपुरवठा व फरसबंदी यांची जबाबदारी देण्यात आली. लंडनचे रस्ते पाहण्यासाठी ते इंग्लंडलाही जाऊन आले. पण प्रकृती साथ देईना. पन्नाशी ओलांडताच त्यांनी दैनंदिन प्रशासनातून मुक्त होऊन संशोधनाला वेळ द्यायचे ठरवले आणि ते दिजाँला परतले.

आता १८५५ सालच्या शरद ऋतूकडे वळू. ज्यामुळे त्यांचे नाव टिकले, तो प्रयोग दिजाँच्या रुग्णालयाच्या आवारात झाला. नदीचे गढूळ पाणी वाळूच्या थरातून गाळून स्वच्छ करण्याची पद्धत तेव्हा रूढ होत होती. पण वाळूचा थर किती जाड असावा, त्यातून किती पाणी निघेल, याचा हिशेब कोणापाशी नव्हता. जो तो अंदाजाने काम करी. दार्सी यांनी सुमारे अडीच मीटर उंचीचे आणि ३५ सेंटिमीटर व्यासाचे लोखंडी नळकांडे उभे केले, त्यात सोन नदीची वाळू भरली आणि वरून पाणी सोडले. वाळूच्या वर आणि खाली दाब मोजण्यासाठी पाऱ्याच्या नळ्या जोडल्या. मदतीला रिटर नावाचे तरुण अभियंते होते. पाणी रुग्णालयाच्याच नळातून येत असे. आत कोणी नळ उघडला की दाब हेलकावे खाई आणि मोजणी बिघडे. त्याच दिवसांत, २९ ऑक्टोबरपासून २ नोव्हेंबरपर्यंत, नोंदींचे पहिले तक्ते तयार झाले. पुढील फेब्रुवारीत रिटर यांनी आणखी काही प्रयोग केले.

निष्कर्ष एका वाक्यात मावण्यासारखा होता. वाळूतून जाणारे पाणी हे वरच्या व खालच्या पाण्याच्या पातळीतील फरकाच्या प्रमाणात वाढते, आणि थर जितका जाड तितके ते कमी होते; याशिवाय एक गुणक लागतो, तो त्या वाळूच्या स्वभावावर अवलंबून असतो. इतके साधे की, हे आधी कोणाला कसे सुचले नाही असे वाटावे. उष्णता धातूतून कशी वाहते, याचा असाच नियम फूरिये यांनी काही दशकांपूर्वी मांडला होता. तेही बर्गंडीचेच, ओसेर गावचे. दार्सी यांनी हा नियम १८५६ साली दिजाँच्या सार्वजनिक पाणीपुरवठ्यावरील आपल्या जाडजूड ग्रंथात छापला, तोही मुख्य मजकुरात नव्हे, मागच्या परिशिष्टात. नगराच्या नळयोजनेच्या अहवालाच्या शेपटाला एका शास्त्राचा पाया बांधलेला होता, हे वाचणाऱ्यांच्या पुढे हळूहळू लक्षात आले.

नियमाचा खरा प्रवास त्यानंतरचा. फ्रान्समध्येच द्युप्यूई यांनी तो विहिरींना लावला आणि विहीर उपसली की आजूबाजूची पातळी कशी खाली जाते, याचे गणित मांडले. पुढे अमेरिकेतील तेल उद्योगाला तोच प्रश्न पडला. फरक इतकाच की वाळूच्या जागी वालुकाश्म आणि पाण्याच्या जागी तेल होते. १९३३ साली मॉरिस मस्कट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खडकाच्या पाझरण्याच्या क्षमतेला दार्सी हे एकक सुचवले. एक घन सेंटिमीटर खडक घ्यावा, त्याच्या दोन बाजूंत एका वातावरणाइतका दाबाचा फरक ठेवावा आणि पाण्याइतका पातळ द्रव सेकंदाला एक घन सेंटिमीटर पार व्हावा, म्हणजे तो खडक एक दार्सीचा. तेल देणाऱ्या खडकांत हे माप बहुधा एकाहून फार कमी भरते, म्हणून त्याचा हजारावा भाग, मिलिदार्सी, हेच व्यवहारात चालते. पुढे एकाच छिद्रातून पाणी, तेल व वायू एकत्र वाहताना एकमेकांची वाट कशी अडवतात, याचेही हिशेब झाले. दार्सी यांच्या गुणकाला प्रत्येक द्रवासाठी वेगळी कात्री लागली, पण मूळ सांगाडा तोच राहिला.

कार्बन डायऑक्साइडच्या भूगर्भातील साठवणीची प्रतिकृती कशी बनते, हे येथे थोडक्यात सांगणे भाग आहे. जमिनीखालच्या खडकाचे संगणकावर लाखो लहान ठोकळे पाडतात. प्रत्येक ठोकळ्यात किती पोकळी, किती मिलिदार्सी, किती दाब, किती पाणी, किती तेल याचे आकडे भरतात. मग विहिरीतून वायू सोडला असे मानून एका ठोकळ्यातून शेजारच्यात किती जाईल, हे दार्सीच्या नियमाने काढतात. आत आलेले आणि बाहेर गेलेले यांचा ताळेबंद जुळवतात. आणि घड्याळ थोडे पुढे सरकवून हाच हिशेब पुन्हा करतात. असे करीत शेकडो वर्षे पुढचे चित्र पाहता येते. सुमारे ८०० मीटरपेक्षा खोल गेले की उष्णता आणि दाब यांमुळे हा वायू द्रवासारखा दाट होतो, म्हणजे थोड्या जागेत पुष्कळ मावतो. मात्र तो पाण्याहून हलकाच असतो. वर सरकत सरकत अभेद्य खडकाच्या छताखाली जमतो. तेलक्षेत्रात तो तेलात मिसळतो, तेल फुगते, पातळ होते आणि विहिरीकडे सरकते. टेक्सासमध्ये १९७२ पासून हे व्यापारी प्रमाणावर चालू आहे. आपल्याकडे गुजरातच्या कोयली शुद्धीकरण कारखान्यातील हा वायू गांधार तेलक्षेत्रात नेण्यासाठी इंडियन ऑइल आणि ओएनजीसी यांच्यात २०१९ साली सामंजस्य करार झाला. अर्थात अशा रीतीने काढलेले तेल पुढे जाळलेच जाते, आणि त्याचा धूर हवेतच जातो. त्यामुळे गाडलेल्या वायूच्या आकड्यातून हा धूर वजा केल्याखेरीज त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

प्रतिकृती चुकतात का? चुकतात. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनर येथे १९९६ पासून दरवर्षी सुमारे दहा लाख टन वायू समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडला जात होता. सर्वांत वरच्या थरात तो आधीच्या हिशेबापेक्षा अधिक वेगाने व दूर पसरल्याचे भूकंपलहरींच्या चित्रांतून दिसले. दार्सीचा नियम खोटा पडला नव्हता. छताचा आकार आणि थराचा गुणक पुरेसा माहीत नव्हता. रुग्णालयाच्या आवारातील नळकांड्यात एकच प्रकारची वाळू होती. निसर्ग अशी सोय करून देत नाही.

हा मुद्दा माळव्यात गेले म्हणजे फार ठळक होतो. मध्य प्रदेशातील देवास जिल्हा, एके काळी पवारांच्या दोन पात्यांच्या राज्यांत विभागलेला, मराठी घराण्यांशी जुने नाते असलेला. त्यातले पीपलरावां आणि भोवतालची गावे काळ्या पाषाणावर वसलेली आहेत. हाच दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनला आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. या खडकात वाळूसारखी सलग छिद्रे नाहीत. पाणी राहते ते झिजलेल्या मुरमात, भेगांत, मांजऱ्या खडकाच्या फुगीर थरात. एका शेतात कूपनलिकेला भरपूर पाणी लागते आणि शंभर पावलांवर दुसरी कोरडी निघते, याचे कारण हेच. पिढ्यानपिढ्या खोल खोल जात राहण्याची शिक्षा देवासने भोगली. १९९० च्या सुमारास शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढे २००६ मध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना आपापल्या शेतात तळी खणण्यास प्रवृत्त केले आणि अनेक गावांचे चित्र पालटले. जमिनीखालच्या गुणकावर विसंबण्याऐवजी वरचे पाणी वरच धरून ठेवण्याचा तो मार्ग होता.

आता याच दख्खनच्या बेसाल्टकडे कार्बन साठवणीच्या अभ्यासकांचे लक्ष आहे. बेसाल्टमधील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांच्याशी कार्बन डायऑक्साइडची रासायनिक क्रिया होऊन त्याचा दगडच बनतो. मग तो वर निसटण्याची भीती उरत नाही. आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे आढळले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील वॉलुला येथे २०१३ मध्ये सुमारे एक हजार टन वायू बेसाल्टमध्ये सोडण्यात आला. आशा वाटावी असेच हे आहे. पण आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. ज्या जिल्ह्याने रेल्वेचे पाणी प्यायले आहे, त्याला हा आकडा ऐकवताना जपून ऐकवावा लागेल. पाणी न वापरता दाट वायू सोडायचा, तर त्यासाठी पुरेशी खोली आणि वरचे पक्के छत हवे. दख्खनचे थर सह्याद्रीकडे जाड आणि कडेला पातळ होत जातात. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या तीन किलोमीटर खोल छिद्रात बेसाल्ट सुमारे सव्वा किलोमीटरनंतर संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला. शिवाय दाबाने द्रव आत कोंबला की जुन्या भेगा हलू शकतात, हेही १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना वेगळे सांगायला नको.

म्हणून माझे मत असे की, दख्खनमध्ये काहीही सोडण्यापूर्वी गावागावांतील विहिरींची मोजणी व्हावी. संगणकाला जे आकडे भरवायचे, ते प्रथम मुरमातून, भेगांतून, विहिरीच्या पातळीतून यायला हवेत. गोव्यातही खाणींचे खड्डे खोल गेले आणि भोवतालच्या विहिरी आटल्या, तेव्हा जांभा किती पाझरतो, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेल्यावाचून राहिला नाही. पाझरण्याचा गुणक हा केवळ पाठ्यपुस्तकातील आकडा नव्हे. त्यावर कोणाची तरी बागायत अवलंबून असते.

दार्सी यांना आपल्या परिशिष्टाचे हे पुढचे आयुष्य पाहायला मिळाले नाही. त्या नियमाच्या मर्यादाही पुढच्यांनी शोधल्या; प्रवाह फार वेगवान झाला की साधे प्रमाण बिघडते, हे ऑस्ट्रियाचे फोर्खहाइमर यांनी १९०१ साली दाखवले. विहिरीच्या अगदी तोंडाशी वायू वेगाने शिरतो, तेव्हा आजचे अभियंते त्यांचे सूत्र वापरतात. दार्सी यांचे स्वतःचे लक्ष शेवटच्या काळात पुन्हा वाहत्या पाण्याकडे वळले होते. पाण्याचा वेग मोजणारी पितो यांची नळी जुनी होती, पण ती नीट चालत नसे. तिच्या टोकाचा आकार सुधारून दार्सी यांनी तिला भरवशाचे साधन बनवले. नळांतील प्रवाहावरचा त्यांचा ग्रंथ १८५७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर उघड्या पाटांतून पाणी कसे वाहते, यावरचे मोठे प्रयोग त्यांनी हाती घेतले. दिजाँजवळच्या बर्गंडी कालव्याचे पाणी वळवून मुद्दाम बांधलेल्या पाटात ते प्रयोग सुरू झाले होते.

ते पुरे होण्याआधीच, कामानिमित्त पॅरिसला गेले असता त्यांना न्यूमोनिया झाला आणि ३ जानेवारी १८५८ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पार्थिव दिजाँला आणण्यात आले. दहा वर्षांपूर्वी ज्या शहराने त्यांना जाऊ दिले होते, त्याच शहराने आपल्या हौदाजवळच्या चौकाला त्यांचे नाव दिले. ते आजही आहे. पाटांवरचे अपुरे प्रयोग त्यांचे सहकारी आँरी बाझाँ यांनी पुढे चालवले आणि १८६५ साली दोघांच्याही नावाने ते प्रसिद्ध झाले.